दाब कमी येत होता

"तुम्ही नक्की करता तरी काय हो?" असं कुणी विचारायचा अवकाश, बाईंची कळी खुलायची. मग विचारणारा दाताच्या दवाखान्यात शेजारी बसलेला असो नाहीतर नळ दुरुस्त करायला आलेला असो, त्याची सुटका नसे. "कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलाय कधी?" बाई सुरू व्हायच्या. "एकीला एक लागून नुसत्या खोल्याच खोल्या. त्या पेशी. प्रत्येकीला भिंत, भिंतीला दारं. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर काढायचं, ते त्या दाराला बरोबर कळतं. घरातल्या माणसांना कळत नाही, पण त्या टीचभर दाराला कळतं! आम्ही तसल्या पेशी बनवतो. खोट्या. पण वागतात खऱ्यासारख्या." नळवाला बिचारा मान डोलवायचा आणि पाना शोधायला लागायचा.

बाई इंजिनिअर होत्या, पण पूल-इमारतीवाल्या नव्हेत. नवे पदार्थ घडवायचे आणि त्यांना जिवंत शरीराचे गुण शिकवायचे, हे त्यांचं काम. पन्नाशीला टेकल्या होत्या, लग्नाच्या भानगडीत पडल्या नव्हत्या, आणि जीभ अशी तिखट की लॅबमधली पोरं त्यांच्या चपलांचा आवाज ओळखून आधीच सावरून बसत. मनानं वाईट नव्हत्या हो. पण आपलं तेच खरं करायची खोड, आणि चूक असलीच तर समोरच्याची असणार ही खात्री. हुशार माणसांना हा रोग लवकर जडतो. घरच्यांत मात्र त्या अजून 'चिंगी'च होत्या, कारण दोन गल्ल्या पलीकडे थोरला भाऊ राहायचा.

त्यांनी घडवलेल्या पदार्थाला कागदोपत्री हातभर लांब नाव होतं. लॅबमध्ये सगळे त्याला 'साय' म्हणत. तापवून निवलेल्या दुधावर धरते ना, तशीच दिसायची ती. पांढरट, लवलवीत, चिमट्यानं उचलली की थरथरणारी. आत मिठाच्या पाण्याचे असंख्य बारीक थेंब, प्रत्येक थेंबाभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण, आणि त्या आवरणात दाबानं उघडणारी दारं. एका जागी दाब पडला की तिथल्या थेंबांची दारं उघडायची आणि पाणी शेजारच्या थेंबांत सरकायचं. दाबाखालची जागा मऊ पडायची, आजूबाजूची टणक होऊन भार वाटून घ्यायची. बॅटरी नाही, वायर नाही. "याला शेजारधर्म म्हणतात," बाई म्हणायच्या, आणि स्वतःच हसायच्या.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? तर दादाच्या पायासाठी.

दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ, शिंप्याच्या दुकानात कटिंग मास्तर. दिवसभर उंच टेबलाशी उभं राहून कापड कापायचं काम. बाईंचा लॅबमधला पांढरा कोटही तोच बेतायचा, आणि तो असा बसायचा की परदेशी पाहुणे कुठून घेतला म्हणून विचारायचे. कापडाच्या गोदामात मालाची गाडी अंगावर कलंडली आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. कृत्रिम पाय बसवून घेतला आणि गडी पुन्हा टेबलाशी उभा राहिला. स्वभाव मुळातच गमत्या. "माझे मोजे दुप्पट टिकतात," असं गिऱ्हाइकांना सांगायचा.

पण कृत्रिम पायाचा वरचा पेला, ज्याला सगळे सॉकेट म्हणतात, तो कडक असतो. आतला उरलेला पाय दिवसभरात कधी सुजतो, कधी आक्रसतो, आणि मग कडेला घासून साल निघते. संध्याकाळी दादा घरी आला की आधी खुर्चीत बसून डोळे मिटायचा. ते पाहूनच बाईंच्या डोक्यात आलं की सॉकेटच्या आत अस्तर म्हणून साय घालावी. तोवर साय यंत्रमानवाच्या बोटांसाठी होती. बाईंनी लॅबच्या साहेबांशी भांडून, सगळ्या लॅबला वेठीला धरून ती दादाच्या पायाकडे वळवली. माया होतीच, कोण नाही म्हणतंय?

दादाच्या घरची एक रीत होती. दादाची पाय काढायची वेळ झाली की सगळे उठून जात. कुणी ठरवलं नव्हतं. अपघातानंतर घरी पहिल्यांदा पाय काढला तेव्हा आईला रडू आवरेना, दादानं गडबडीनं चादर ओढून घेतली, आणि तेव्हापासून तसंच चालू राहिलं. दादा दार लोटून घ्यायचा, बाकीचे स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी इकडची तिकडे करायचे. उरलेला पाय पाहिला होता तो एकट्या वहिनीनं. ज्या पायासाठी बाईंनी उमेदीची वर्षं घातली, तो पाय त्यांनी स्वतः कधी पाहिला नव्हता. माप घेतलं दवाखान्यातल्या माणसानं. बाईंच्या टेबलावर आला तो प्लास्टरचा साचा.

पहिली चाचणी लॅबमध्येच झाली. खोलीच्या मध्यभागी दोन्ही बाजूंना कमरेइतके स्टीलचे कठडे, मधून चालायचं. सॉकेटमध्ये साय, सायीखाली दाब मोजणारी पातळ पट्टी, आणि पट्टीवरचं सगळं समोरच्या पडद्यावर. दाब जास्त तिथे लाल, कमी तिथे निळा. पडद्याशी बाईंची संशोधक विद्यार्थिनी बसली होती, जाड भिंगांची, म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणत. दादा कापडाच्या आडोशामागे जाऊन पाय घालून आला. तो घालत होता तेव्हा बाई घरच्या सवयीनं पाठ करून उभ्या राहिल्या होत्या.

दादा थोडं चालला आणि थांबला. "आतल्या बाजूनं टोचतंय गं, चिंगे. हाडापाशी."

पडद्यावर तिथे लाल ठिपका होताच. पण बाईंचं काय बिनसलं कोण जाणे. साहेब दारात उभे होते, चार पोरं बघत होती, आणि भरल्या लॅबमध्ये 'चिंगे'.

"टोचायचा प्रश्नच येत नाही, दादा," बाई म्हणाल्या. "मशीनमध्ये घालून लाख वेळा दाबून बघितलीय. तू जुन्या सवयीनं वाकडा चालतोयस. जरा सरळ चाल. आणि थोडं सहन करायला शीक. पाऊल टाकलं नाही तोवर कुरकुर!"

चष्मेवालीनं मान खाली घातली. दादाचा चेहरा क्षणभर उतरला, मग त्यानं तो पुन्हा जागेवर आणला. "बरं बाई. तू इंजिनिअर, मी शिंपी," तो म्हणाला, कठडे धरले आणि पुन्हा चालला. लाल ठिपका मावळला. सगळा पडदा निळाशार.

"बघ! सरळ चाललास की झालं ना?" बाई आनंदानं ओरडल्या.

आता इथेच सांगून टाकायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दादा सरळ-बिरळ काही चालला नव्हता. त्यानं भार हातांवर घेतला होता. पायावर वजनच टाकलं नाही, तर पट्टीला दाब कुठला दिसणार? कठड्यांवर हातांचा किती जोर पडतो हे मोजायला कुणी पट्टी लावली नव्हती. बाईंनी कमी दाबाचा अर्थ लावला तो असा की सायीनं भार वाटून घेतला. ज्या भावाची चाल त्या लहानपणापासून बघत आल्या, त्याच्याकडे त्यांनी बघितलंच नाही. त्या पडद्याकडे बघत होत्या.

त्यानंतर दादाच्या तोंडून 'टोचतंय' हा शब्द पुन्हा निघाला नाही. कधीही विचारा, "झकास!" दर चाचणीला पडदा निळा. साय घरी न्यायला दिली, दिवसभर वापरायला दिली. कसं वाटतंय? "झकास!" बाईंनी ते तसंच लिहून घेतलं, त्यावर शोधनिबंध छापून आला, चष्मेवालीला परिषदेत बक्षीस मिळालं. साहेब, जे एरवी बाईंना टाळत जिना चढायचे, ते आता मुद्दाम थांबून चौकशी करायला लागले. आणि दुकानांच्या त्या सगळ्या ओळीत दादानं डांगोरा पिटला होता, "माझ्या बहिणीनं माझ्यासाठी कातडी केलीय! आहे कुणाची बहीण अशी?"

शेवटी मोठ्या हॉस्पिटलातून निरोप आला. तिथली माणसं येऊन दादाला चालताना बघणार होती. मनासारखं झालं तर त्यांच्याकडच्या पाय गेलेल्या वीस-बावीस जणांना साय बसवणार. बाईंना आभाळ ठेंगणं झालं.

आदल्या दिवशी दुपारी लॅबच्या दारात वहिनी उभी. ती आजवर कधी लॅबमध्ये आली नव्हती. हातात कापडी पिशवी, चेहरा ओढलेला. "वन्सं, जरा बाहेर येता?" ती हळू आवाजात म्हणाली.

व्हरांड्यात, जुन्या फ्रिजच्या आडोशाला, वहिनीनं पिशवीतून एक प्लास्टिकची थैली काढली आणि गाठ सोडली. आत दादाचा, उरलेल्या पायावर चढवायचा लोकरीचा मोजा होता. पिवळट, जागोजागी तांबूस, ओला. वास असा आला की बाईंनी नाकाला हात नेला.

"तुमची ती साय कडेनं फुटते, वन्सं," वहिनी म्हणाली. "आतलं पाणी झिरपतं. दिवसभर पाय त्यात भिजतो. आधी कातडी पांढरी पडली, मग सोलली, आता खड्डा पडलाय. कालपासून अंगात ताप आहे. दुकानात टेबलाला पोट टेकवून उभे राहतात. घरी पाय काढताना ओठ चावतात, आणि तुम्ही आलात की झकास!"

"मला... मला कुणी काही बोललं नाही," बाई म्हणाल्या.

"कोण बोलणार तुमच्यापुढे?" वहिनीनं अगदी साधेपणानं विचारलं. "आणि मी आले होते हे ह्यांना सांगू नका. रागावतील."

हुशार बाई, त्यांना कळायला कितीसा वेळ लागणार? मोजा बघितला आणि निळ्या पडद्याचं सगळं कोडं उलगडलं. मशीनमध्ये साय लाख वेळा दाबली होती खरी, पण मशीनला घाम येत नाही, मशीनचं अंग गरम नसतं. अंगाच्या उबेनं आवरणं सैल पडत असणार, कडेचे थेंब घासून फुटत असणार, आणि थेंब धरून ठेवायला जे साबणासारखं रसायन घातलं होतं, तेच कातडी खात असणार. आणि दाब कमी येत होता, कारण दादा पाय टेकतच नव्हता. हे सगळं त्यांना तिथे, फ्रिजला टेकून, स्वच्छ दिसलं.

आणि त्या काय म्हणाल्या?

"वहिनी, उद्याचा एक दिवस जाऊ दे. परवा सकाळी मी स्वतः दादाला डॉक्टरकडे नेते."

वहिनीनं विचारलं, "उद्या चालायचंय त्यांनी?"

"थोडंसंच. आणि कठडे आहेत ना धरायला."

हे शब्द तोंडातून गेले आणि बाईंना स्वतःचेच ऐकू आले. पण परत घेतले नाहीत. वहिनीनं थैलीची गाठ मारली, पिशवीत ठेवली, "बरं," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

दादाचं घर बाईंच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. संध्याकाळी जाऊन नुसतं म्हणायचं होतं, "दादा, दाखव पाय." बाईंनी चपला घातल्या, काढल्या. फोन उचलला, ठेवला. त्याला विश्रांती हवी, त्रास कशाला द्यायचा, अशी स्वतःची समजूत घातली, आणि दुसऱ्या दिवशीचा कोट इस्त्री करत बसल्या. अहो, माणूस स्वतःला फसवायला बसला की किती नीटनेटकं फसवतो! कॉलरची टोकंसुद्धा पुन्हा पुन्हा दाबली त्यांनी.

सकाळी दादा वेळेआधी हजर. कडक इस्त्रीची पँट, भांग पाडलेला, आणि डोळे तापानं लाल. बाईंना ते दिसलं. दिसलं नाही असं म्हणायची सोय नव्हती.

"कसं आहे, दादा?"

"झकास," दादा म्हणाला. पण म्हणून झाल्यावरही तो बाईंकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला, अजून काहीतरी विचारायचं राहिलंय तुझं, अशा नजरेनं. बाई वळून पडद्याची वायर तपासायला लागल्या.

हॉस्पिटलातून एक सर्जन आणि त्यांच्याबरोबर एक फिजिओथेरपिस्ट बाई आल्या होत्या, बारीक केस कापलेल्या, मितभाषी. साहेबांनी लांबलचक भाषण ठोकलं. पेशी, दारं, शेजारधर्म, बाईंचे सगळे विनोद त्यांनी स्वतःचे म्हणून वापरले. मग दादा चालायला लागला. पडदा निळा. या टोकापासून त्या टोकापर्यंत निळा. सर्जननी मान डोलावली, पोरांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पडद्याकडे पाठ केली आणि भावाकडे पाहिलं. त्याचे खांदे कानांपर्यंत वर चढले होते. कठड्यांवरची बोटं पांढरीफटक. चेहऱ्यावर तेवढं हसू होतं.

"मास्तर," फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "हात सोडून चालता का जरा?"

दादानं बहिणीकडे पाहिलं.

झालं, हीच ती वेळ. एक 'नको' पुरे होतं. नळवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना बोलण्यात गुंडाळणाऱ्या बाई, त्यांची ऐन वेळी दातखीळ बसली. साहेब बघत होते, चष्मेवाली बघत होती, वीस-बावीस पायांचा प्रश्न होता, नाव होतं. बाई गप्प राहिल्या. दादानं ओळखलं, एक श्वास घेतला आणि कठडे सोडले.

पहिल्या पावलाला पडद्यावर लाल ठिपका उमटला. दुसऱ्या पावलाला तो पसरला, काळसर झाला, मापाच्या पलीकडे गेला. "जमतंय की!" दादा हसून म्हणाला आणि त्यानं आणखी एक पाऊल टाकलं. त्याच्या इस्त्रीच्या पँटवर गुडघ्याखाली एक ओला डाग दिसायला लागला आणि बघता बघता मोठा झाला.

"थांब!" बाई किंचाळल्या. "दादा, थांब! खुर्ची आणा रे कुणीतरी!"

दादाला बसवलं. साहेब पुढे आले. "काय झालं, बाई? चालत होते की चांगले!"

"चालत नव्हता," बाई म्हणाल्या. "कधीच चालला नाही. भार हातांवर घेत होता, म्हणून दाब कमी येत होता. आमचे सगळे आकडे चुकीचे आहेत. साय फुटते, त्याचा पाय सडवतेय. आणि हे मला आज कळलेलं नाही. मला कालच माहीत होतं."

चष्मेवालीनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. तेवढ्यात फिजिओथेरपिस्ट बाई गुडघ्यावर बसून दादाची पँट वर सारायला लागल्या होत्या. दादा दोन्ही हातांनी ती खाली ओढत होता. "राहू द्या हो, इथे नको. सगळ्यांसमोर नको," तो गयावया करत होता. तरी पँट वर गेली, सॉकेट निघालं, आणि बाईंची मान सवयीनं वळली. वळलेली मान त्यांनी परत आणली आणि पाहिलं.

तो पाय साच्यासारखा नव्हता. बारीक झाला होता, जुन्या टाक्यांच्या रेषेवर कातडी जांभळी पडली होती, आणि आतल्या बाजूला, हाडापाशी, बरोबर तिथेच, बोट जाईल एवढी जखम होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं.

हॉस्पिटलात सर्जननी तपासून सांगितलं की जखम हाडापर्यंत पोचलीय, गुडघा वाचवता येतो का बघू. बघितलं. वाचला नाही. पाय मांडीतून काढावा लागला. गुडघा असणं आणि नसणं यात कृत्रिम पायावर चालणाऱ्याला जमीन-अस्मानाचा फरक पडतो, हे बाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच विषयावर त्यांनी भाषणं दिली होती. उंच टेबलाशी दिवसभर उभं राहणं आता संपलं होतं.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर वहिनी बसली होती. बाई शेजारी बसायला गेल्या तशी ती सरकून उठली. "उद्याचा दिवस गेला ना नीट, वन्सं?" एवढंच म्हणाली आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली.

लॅबमध्ये निबंध मागे घेतला गेला. चष्मेवालीचं बक्षीसही गेलं आणि तिला काम पहिल्यापासून सुरू करावं लागलं. ती बाईंशी कामापुरतं बोलायची, नम्रपणे बोलायची, आणि बाईंना ते शिव्यांपेक्षा लागायचं. पण खरा कहर वेगळाच होता. लोक बाईंचं कौतुक करायला लागले! "सगळ्यांसमोर चूक कबूल करायला धाडस लागतं," साहेब म्हणाले. हॉस्पिटलातल्या सर्जननी कळवलं की तुमच्या प्रामाणिकपणामुळे आमचे वीस-बावीस रुग्ण वाचले. जिन्यात, चहाच्या टेबलापाशी, कुणी ना कुणी हात हातात घेऊन म्हणायचं, "तुमच्यासारखी माणसं विरळा." बाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कबूल केलं ते डाग दिसल्यावर, हे कुणालाच का दिसत नाही? आरशासमोर केस विंचरतानासुद्धा त्या हल्ली भांगाकडेच बघत, डोळ्यांकडे नाही.

वॉर्डात भेटायची वेळ दुपारची. बाई रोज जायच्या आणि रोज ठरवून जायच्या की आज दादाला सांगायचं. लॅबमध्ये त्या बोलल्या होत्या खऱ्या, पण दादा तेव्हा तापात आणि कळांत होता, पँट ओढण्यात गुंतला होता. त्याच्या कानावर ते पडलंच नसावं अशी बाईंची समजूत होती. एकेकदा वाटायचं, नसेल पडलं तर कशाला सांगायचं? मग त्या विचाराचीही लाज वाटायची. दादा आपला नर्सशी गप्पा मारत बसलेला. "सिस्टर, मोज्यांचं आधीच वाचत होतं, आता अर्ध्या पँटचं कापडही वाचलं." ती हसायची, तो हसायचा. बाई स्टुलावर बसून संत्र्याची सालं काढायच्या.

एके दिवशी वहिनी चहा आणायला खाली गेली. ती असताना बाईंना बोलणं जमत नसे. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा झोपला होता. बाईंनी संत्रं खाली ठेवलं.

"दादा, तुला एक सांगायचंय."

"सांग की."

"त्या दिवसाच्या आदल्या दुपारी वहिनी माझ्याकडे आली होती. तिनं मोजा दाखवला. सगळं सांगितलं. तुझा पाय कसा झालाय ते मला माहीत होतं, दादा. भार हातांवर घेतोयस तेही कळलं होतं. तरी मी तुला बोलावलं. तरी मी तुला चालवलं." बाईंनी स्टूल पुढे ओढलं. "मला शिव्या दे. पण काहीतरी बोल."

दादा खिडकीकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं ते नेहमीचं हसू हळूहळू गेलं, आणि ते गेल्यावर तो किती म्हातारा दिसतो हे बाईंना पहिल्यांदा कळलं.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "मीच पाठवलं होतं तिला."

"तू?" बाई म्हणाल्या.

"तुझ्या तोंडावर सांगायचं मला काही जमेना गं. एकदा बोललो होतो ना, त्यानंतर धीरच झाला नाही. म्हटलं, हिनं जाऊन सांगितलं तर ऐकशील. माझं नाव घेऊ नकोस, असं तिला बजावलं होतं. आणि संध्याकाळी दार उघडंच ठेवलं, तू येशील म्हणून. ही म्हणाली, त्या येणार नाहीत. मी म्हटलं, तू ओळखत नाहीस तिला."

"मग सकाळी..." बाई स्टुलावरून उठल्या. "सकाळी तू आलास कशाला, दादा? नुसतं घरी बसायचं होतंस! कशाला आलास?"

दादानं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही, उलट हिला एवढंही कसं कळत नाही अशा नवलानं.

"तू बोलावलं होतंस ना," तो म्हणाला.